‘तिचा स्वभावच तसा’ : मका, कापूस आणि पेलाग्रा

 

‘तिचा स्वभावच तसा’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. एखादी सून सकाळपासून मरगळलेली असते, हाक मारली तर खेकसते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कारण नसताना रडते. मग कुणी म्हणतं आळशी आहे, कुणी म्हणतं माहेरचं वळण वाईट, कुणी म्हणतं त्यांच्या घराण्यातच आहे, रक्तातच आहे ते. फारच वाढलं तर बाहेरची बाधा. स्वभाव कुठून येतो आणि त्यात शरीराचा वाटा किती, हा प्रश्न फार जुना आहे. त्यावर नुसत्या गप्पा मारण्यापेक्षा आज आम्ही एका आजाराचा इतिहास सांगणार आहोत. आजाराचं नाव पेलाग्रा. हा कातडीवर उठतो, पोटात शिरतो आणि शेवटी माणसाचा स्वभावच पालटून टाकतो. त्याची गोष्ट मेक्सिकोत सुरू होते, स्पेन, इटली, अमेरिका असा फेरा मारते आणि शेवटी आपल्या दख्खनच्या ज्वारीपाशी येऊन थांबते.

आधी आजार कसा दिसतो ते सांगतो. उन्हाळा लागला की जिथे जिथे ऊन लागतं तिथली कातडी लाल होते, मग काळी पडते, तिला भेगा जातात, खपल्या निघतात. हाताचे पंजे असे दिसतात की जणू कुणी काळे हातमोजे चढवलेत. गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उठतो. तोंड येतं, जीभ लालभडक होते, जुलाब थांबत नाहीत. आणि मन? पुष्कळदा मनाची लक्षणं कातडीच्याही आधी सुरू होतात. झोप उडते, चिडचिड वाढते, हातपाय गळून जातात, कशात लक्ष लागत नाही, उगाच भीती वाटते. पुढे विसर पडतो, भ्रम होतात, माणूस आपल्याच माणसांना ओळखेनासा होतो. उपाय झाला नाही तर मृत्यू.

आता मका. मका मूळचा मेक्सिकोचा आणि मध्य अमेरिकेचा. हजारो वर्षं तिथले लोक मुख्यतः मक्यावर जगले आणि त्यांना पेलाग्रा माहीतही नव्हता. कारण तिथल्या बायका मका तसाच दळत नसत. त्या दाणे चुन्याच्या पाण्यात किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवायच्या आणि रात्रभर तसेच भिजत ठेवायच्या. सकाळी धुऊन, वरचं टरफल चोळून काढून, पाट्यासारख्या दगडावर वाटायच्या आणि त्या ओल्या पिठाच्या भाकऱ्या करायच्या. चुना म्हणजे पानाला लावतात तसलाच. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे आणि आजही चालू आहे. अशा शिजवून भिजवलेल्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात. टरफल सुटावं, पीठ चिकट व्हावं, भाकरी तुटू नये, एवढंच कदाचित त्या बायकांच्या मनात असेल. पण त्या चुन्याने आणखी एक काम होत होतं. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलं की ती गाठ सुटते.

१४९२ नंतर स्पेनचे लोक अमेरिकेत गेले आणि मक्याचं बी घेऊन परतले. बी नेलं, पण बायकांची रीत तिथेच राहिली. मक्याचं पीक भरघोस येतं, थोड्या जमिनीत पोट भरतं, म्हणून युरोपात गरिबांच्या शेतात मका पसरला. त्यांनी तो गव्हासारखा दळला आणि खाल्ला. १७३५ साली स्पेनच्या अस्तुरियास भागातल्या गास्पार कासाल नावाच्या वैद्याने एका नव्याच रोगाची नोंद केली. हातापायांवर लाल चट्टे, गळ्याभोवती पट्टा आणि मनावर दाटलेली उदासी. रोगी सगळे गरीब शेतकरी, खाणं मुख्यतः मक्याचं, दूधमांस नावालाच. त्या गळ्यातल्या पट्ट्याला डॉक्टर आजही ‘कासालची माळ’ म्हणतात. त्याचं पुस्तक छापलं गेलं १७६२ साली, तो गेल्यानंतर.

पुढची पाळी उत्तर इटलीची. तिथे जमीनदाराची जमीन कसणारा शेतकरी गहू पिकवायचा, पण गहू विकायला जायचा. घरात उरायचा मका. मक्याचा घट्ट घाटा, त्यांचा पोलेंटा, सकाळी तोच, दुपारी तोच, रात्री तोच. १७७१ साली फ्रापोली नावाच्या डॉक्टरने तिथल्या बोलीतला ‘पेलाग्रा’ हा शब्द लिहून ठेवला. त्याचा अर्थ खरखरीत कातडी. १७८६ साली जर्मन कवी गटे इटलीच्या प्रवासाला निघाला, तेव्हा वाटेत बायकामुलांचे पिवळे, आजारी चेहरे पाहून त्याने आपल्या वहीत लिहिलं की मक्यासारख्या धान्याचं रोजचं खाणं याला कारण असावं. कवीला जाता जाता दिसलं ते पुष्कळ पंडितांना शंभर वर्षं दिसलं नाही.

एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीतली वेड्यांची इस्पितळं पेलाग्राच्या रोग्यांनी भरून गेली. शेतात राबणारी धडधाकट बाई वसंतात गप्प गप्प व्हायची, कामात चुका करायची, पोरांवर ओरडायची, आणि एक दिवस घरचे तिला दोरखंडाने बांधून इस्पितळात आणून सोडायचे. तिथे दूध, पाव, थोडं मांस मिळालं की काही महिन्यांत ती शहाणी होऊन घरी जायची. घरी पुन्हा पोलेंटा. पुढच्या वसंतात पुन्हा इस्पितळ.

इथे चेझारे लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरचं नाव घेतलंच पाहिजे. गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, त्याची कवटी, त्याचे कान, त्याचा जबडा पाहून तो ओळखता येतो, असं सांगणारं पुस्तक त्याने १८७६ साली लिहिलं आणि जगभर गाजला. ते सगळं पुढे खोटं ठरलं. पण हाच माणूस पेलाग्राच्या बाबतीत मात्र रक्ताकडे न बघता ताटाकडे बघत होता. बुरशी आलेल्या, सडक्या मक्यातून विष पोटात जातं आणि त्याने वेड लागतं, असं त्याचं म्हणणं. कारण चुकलं होतं, पण बोट ताटाकडेच होतं. त्याच्या आग्रहाचा एक परिणाम म्हणजे १९०२ साली इटलीत पेलाग्राविरुद्ध कायदा झाला आणि सडका मका विकायला बंदी आली. मजुरी वाढली, खाणं सुधारलं, तसा तिथला पेलाग्रा ओसरत गेला.

आता अमेरिका. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दक्षिण कॅरोलायना या पट्ट्यात, गुलामगिरी १८६५ साली संपली. पण जमिनी जुन्याच मालकांकडे राहिल्या. काळे लोक आणि गरीब गोरे बटाईने कापूस करू लागले. मालकाला हवा फक्त कापूस. अगदी दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावायचा, परसबाग नाही, गायीला चारा नाही. खाण्याचं सामान दुकानातून उधारीवर, आणि हिशेब कापूस विकला गेल्यावर. आपल्याकडच्या कापूसवाल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या उधारीत मिळायचं काय? मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची नुसती चरबी. पोट भरायचं. बाकी काही नाही. त्यातच गिरण्या यंत्राच्या झाल्या, मक्याचा कोंब काढून टाकून पांढरंशुभ्र पीठ निघू लागलं, आणि होतं ते सत्त्वही गेलं.

१९०६ साली अलाबामातल्या माउंट व्हर्नन इथे काळ्या लोकांसाठी असलेल्या वेड्यांच्या इस्पितळात ८८ रोग्यांना हा आजार झाला. त्यांत बहुतेक बायका. ५७ जणी-जण मेले. तिथल्या डॉक्टर सीअर्सीच्या लक्षात आलं की परिचारिकांना, नोकरांना काहीच झालेलं नाही. मग एकेका राज्यातून बातम्या येऊ लागल्या. वेड्यांची इस्पितळं, अनाथाश्रम, कापड गिरण्यांच्या वस्त्या, सगळीकडे पेलाग्रा. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि सुमारे एक लाख मेले, असा अंदाज आहे.

लोक घाबरले. पेलाग्रा झालेल्या बाईच्या घरी कुणी पाऊल टाकेना, इस्पितळं दार उघडेनात. हा जंतूंचा रोग आहे, माशी चावून होतो, घाणीतून पसरतो, असं मोठमोठे लोक म्हणत होते. १९१२ साली दक्षिण कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग जिल्ह्यात एक मोठी समिती बसली. तिनेही आहाराचा संबंध दिसत नाही, रोग संसर्गाचा असावा, असा कौल दिला. आणि याच वेळी आणखी एक आवाज उठला. चार्ल्स डॅव्हनपोर्ट हा ‘चांगल्या रक्ताची’ आणि ‘वाईट रक्ताची’ घराणी मोजणारा शास्त्रज्ञ होता. त्याच्या संस्थेतल्या एलिझाबेथ मन्सी या बाईंनी स्पार्टनबर्गमध्ये पेलाग्राच्या घरांच्या वंशावळ्या काढल्या. आजीला होता, आईला होता, लेकीला झाला. १९१६ साली डॅव्हनपोर्टने लिहिलं की पेलाग्रा कुणाला कसा भोवतो हे घराण्याच्या रक्तावर ठरतं.

जरा विचार करा. आजी, आई आणि लेक एका रक्ताच्या असतात हे खरंच. पण त्या एका चुलीवरचंही खातात. वंशावळीच्या कागदावर चूल दिसत नाही.

ही नुसती पंडितांची चूक असती तर आम्ही तिच्यापाशी इतके थांबलो नसतो. ‘वाईट रक्त’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, या लोकांना मुलं होऊच कशाला द्यायची? अमेरिकेत १९०७ पासून एकेका राज्याने मंदबुद्धी, वेडे, ‘निकामी’ ठरवलेल्या माणसांची जबरदस्तीने नसबंदी करण्याचे कायदे केले. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. साठ हजारांहून जास्त माणसांवर या शस्त्रक्रिया झाल्या, पुष्कळशा गरीब बायकांवर. रक्तात दोष आहे असं ठरलं की सरकारला दूध द्यावं लागत नाही, जमीन द्यावी लागत नाही, मजुरी वाढवावी लागत नाही. आमच्या मते या विचाराच्या गोडीचं खरं कारण हेच होतं.

आता जोसेफ गोल्डबर्गर. हा युरोपातल्या, आजच्या स्लोव्हाकियातल्या एका गरीब ज्यू कुटुंबातला मुलगा. लहानपणी आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला, डॉक्टर झाला, सरकारी आरोग्य खात्यात लागला. १९१४ साली त्याच्यावर पेलाग्राचं काम सोपवलं. तो दक्षिणेत फिरला आणि सीअर्सीला दिसलं होतं तेच त्याला दिसलं. रोग्यांना होतो, राखणाऱ्यांना होत नाही. जंतू असता तर त्याने नोकर आणि रोगी असा भेद केला असता का? मिसिसिपीतल्या जॅक्सन गावातल्या अनाथाश्रमांत त्याने आणखी बारकाईने पाहिलं. अगदी लहान मुलांना होत नव्हता, मोठ्या मुलांना होत नव्हता. मधल्या, साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांनाच होत होता. का? लहानग्यांना दूध मिळायचं. मोठी मुलं कामाला जायची म्हणून त्यांना थोडं मांस मिळायचं. मधली मुलं ना दुधाची, ना कामाची, त्यांना मक्याचं पीठ आणि काकवी.

त्याने सरकारी पैशातून त्या आश्रमांत दूध, अंडी, मांस, घेवड्या-वाटाण्यासारखी कडधान्यं सुरू केली. पुढच्या वर्षी पेलाग्रा जवळपास नाहीसा झाला. जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात बायकांच्या दोन वॉर्डांत हेच केलं. जिथे खाणं बदललं तिथे एकीलाही तो उलटला नाही. जिथे जुनंच खाणं चालू ठेवलं तिथे जवळजवळ निम्म्या बायकांना पुन्हा झाला.

तरी लोकांना पटेना. मग १९१५ साली त्याने उलटा प्रयोग केला. मिसिसिपीच्या रँकिन तुरुंगशेतीवरच्या धडधाकट कैद्यांना सांगण्यात आलं की सहा महिने आम्ही देऊ तेच खा, राज्यपाल तुमची शिक्षा माफ करतील. अकरा जण शेवटपर्यंत राहिले. पोटभर मिळायचं, पण मक्याचं पीठ, तांदूळ, रताळी, काकवी असलंच. काही महिन्यांत ते मरगळले, डोकेदुखीने, पोटदुखीने बेजार झाले, आणि शेवटी अकरांपैकी निदान सहा जणांच्या अंगावर ते चट्टे उठले. कैद्यांवर असा प्रयोग करणं आज कुणी मान्य करणार नाही आणि करूही नये. पण त्याने एक गोष्ट सिद्ध झाली. घराणं कुठलंही असो, ताट तसं मिळालं की रोग होतो.

विरोधक म्हणाले, जंतू आधीपासूनच तिथे असतील. मग १९१६ साली गोल्डबर्गरने जे केलं ते ऐकायला किळसवाणं आहे, जेवत असाल तर घास खाली ठेवा. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पेलाग्राच्या रोग्यांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या खपल्या, मलमूत्र पिठाच्या गोळीत घालून गिळलं. एकूण सोळा माणसं. त्यांत एकच बाई, गोल्डबर्गरची बायको मेरी. पुरुषांनी तिला गोळी गिळू दिली नाही, म्हणून तिने पेलाग्राने मरणाच्या दारात असलेल्या बाईचं रक्त आपल्या अंगात टोचून घेतलं. तिला घरी लहान लेकरं होती. सोळांपैकी कुणालाही पेलाग्रा झाला नाही. इतिहासाच्या पुस्तकांत नवऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, मेरीचं क्वचितच सापडतं.

खरा इतिहास आम्हाला वाटतं यानंतर घडला, स्पार्टनबर्गच्या गिरणीवस्त्यांत. गोल्डबर्गरने एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं. त्यांची माणसं घरोघरी गेली. पंधरवड्याला कुणी किती कमावलं, दुकानातून काय आणलं, शेजाऱ्याकडून किती दूध घेतलं, परसात काय पिकवलं, सगळं लिहून घेतलं. कमाई जितकी कमी तितका पेलाग्रा जास्त. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दोन वस्त्या त्यांना अशा सापडल्या की मजुरी जवळपास सारखीच, पण एकीत पेलाग्रा नाही आणि दुसरीत भरपूर. पहिल्या वस्तीच्या आसपासचे शेतकरी वर्षभर भाजी, दूध, ताजं मांस विकायला आणत. दुसरीच्या भोवती नुसता कापूस. हातात पैसा असून विकत घ्यायलाच काही नाही.

आणि घरातल्या घरात? सगळ्यांत जास्त पेलाग्रा तरण्या बायकांना, बाळंतपणाच्या वयातल्या बायकांना झाला. घरात थोडं दूध, थोडं मांस आलं तर ते आधी कमावत्या पुरुषाच्या ताटात, मग पोरांच्या. बाई उरलेल्या मक्याच्या भाकरीवर आणि काकवीवर भागवायची. त्याच बाईला पुढे लोक कजाग म्हणत, आळशी म्हणत, पोरांकडे लक्ष नाही म्हणत. दक्षिणेतला माणूसच मुळात सुस्त, असं उत्तरेतले लोक म्हणायचे. जात, वंश, हवामान, सगळ्यावर खापर फोडून झालं होतं.

१९२१ साली गोल्डबर्गरने जाहीर सांगितलं की कापसाचे भाव पडलेत, दक्षिणेत पेलाग्रा वाढणार, अन्न पुरवा. दक्षिणेतले पुढारीच भडकले, आमच्या राज्याची बदनामी होते म्हणून. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, तेव्हा मात्र त्याचं ऐकलं गेलं. पाव फुगवायला लागणाऱ्या यीस्टमध्ये हवं ते सत्त्व आहे एवढं त्याला तोवर कळलं होतं. रेडक्रॉसने ते यीस्ट पूरग्रस्तांना वाटलं. १९२९ च्या जानेवारीत गोल्डबर्गर गेला. ते सत्त्व नेमकं कोणतं हे त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

कापसाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. त्याच काळात दक्षिणेत कापसाच्या बोंडात शिरणारा एक सोंड्या किडा पसरला. पिकंच्या पिकं बुडाली. लोकांनी नाइलाजाने भुईमूग, धान्य, भाजी लावली. अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून दाखवलं आहे की किडा आला तिथे पेलाग्राने मरणाऱ्यांची संख्या कमी झाली. अलाबामातल्या एंटरप्राइज गावात तर १९१९ साली त्या किड्याचं चक्क स्मारक उभारलं. हात वर केलेली एक बाई. पुढे तिच्या हातात मोठा किडाही बसवला.

१९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेहेम याने ते सत्त्व शोधलं. तेच नायसिन. लगेच टॉम स्पाइससारख्या डॉक्टरांनी ते रोग्यांना दिलं, आणि जे घडलं ते पाहून डॉक्टरही थक्क झाले. काल परवापर्यंत स्वतःचं नाव न सांगणारी, भिंतीकडे तोंड करून बसणारी, नर्सला मारायला धावणारी माणसं एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत, भानावर येऊन घरच्यांची चौकशी करू लागली. काही जणांच्या अंगावर तर चट्टाही नव्हता, बिघडलं होतं ते फक्त डोकं. त्यांच्यावर कुणी कायमचा वेडा असा शिक्का मारला असता.

हे होतं कसं? आपला मेंदू शरीरात सगळ्यांत खादाड अवयवांपैकी एक आहे. अन्नातून ताकद काढून घ्यायला प्रत्येक पेशीला नायसिन लागतं. ते मिळालं नाही की ज्यांचं काम जास्त, म्हणजे मेंदू, आतडी आणि कातडी, तिथे आधी बोंब होते. शरीर थोडं नायसिन स्वतःही करतं, प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे यांतून तो मिळतो, मक्यात तो फारच कमी. मन शांत ठेवणारं, झोप आणायला मदत करणारं सेरोटोनिनही शरीर याच ट्रिप्टोफॅनपासून करतं. म्हणजे एकाच डब्यातून दोन घरं चालवायची आणि डबाच रिकामा.

रक्ताचा काहीच वाटा नसतो असंही आम्ही म्हणत नाही. १९५६ साली लंडनच्या डॉक्टरांनी एका कुटुंबातल्या भावंडांचा आजार लिहून ठेवला. त्या मुलांना खाणं चांगलं मिळूनही पेलाग्रासारखे चट्टे येत, तोल जाई. त्यांच्या आतड्यांना आणि मूत्रपिंडाला ट्रिप्टोफॅन धरूनच ठेवता येत नव्हता, आणि हा दोष आईबापांकडून आलेला होता. पण गंमत बघा, अशा मुलांनाही गुण येतो तो नायसिनने आणि चांगल्या खाण्याने. रक्तात आलं म्हणून उपाय नाही, असं तिथेही झालं नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. मका न खाणाऱ्या दख्खनच्या पठारावरही पेलाग्रा सापडला. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जिला आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली हे जगापुढे मांडलं. रोगी कोण? ज्वारीवर जगणारे गरीब शेतमजूर. लक्षणं तीच, उदासी, भ्रम, आणि वेड्यांच्या इस्पितळात दाखल होणाऱ्यांतही हे रोगी सापडत. ज्वारीतलं नायसिन तर भातापेक्षा काही कमी नव्हतं. मग गोपालन यांनी मत मांडलं की ज्वारीत ल्युसिन नावाचा प्रथिनाचा घटक प्रमाणाबाहेर असतो आणि तो नायसिनच्या कामात आडवा येतो. या मतावर शास्त्रज्ञांत पुढे पुष्कळ वाद झाला.

म्हणून ज्वारीची भाकरी सोडा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते रोगी भाकरीने आजारी पडले नव्हते, नुसत्या भाकरीने पडले होते. आपल्या जुन्या खाण्यात भाकरी एकटी नसायची. खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी करतात. कुठे पिठलं, कुठे मुगाची नाहीतर तुरीची आमटी, कुठे ताक. आणि शेंगदाण्याची चटणी तर घरोघरी. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, अगदी मांसाच्या तोडीचं. मजुरणीच्या फडक्यात मात्र पुष्कळदा भाकरी, मिरची आणि कांदा, इतकंच असायचं. तिची भाकरी एकटीच होती.

पेलाग्रा आता आपल्याकडे क्वचित दिसतो. रेशनवर गहू-तांदूळ आला, खाण्यात फेर पडला. तरी दोन ठिकाणी तो अजून डोकं वर काढतो. एक म्हणजे फार दारू पिणारा माणूस, जो जेवतच नाही. दुसरं म्हणजे क्षयाच्या गोळ्या घेणारी, अंगावर मांस नसलेली माणसं. त्यांतल्या आयसोनियाझिड नावाच्या औषधाने शरीराची नायसिन करण्याची शक्ती मंदावते. म्हणून त्याबरोबर बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी देतात, ती टाकून देऊ नका. आणि क्षयाच्या गोळ्या तर मनाने मुळीच बंद करायच्या नाहीत. अशा माणसाचे हात, मान काळवंडू लागले, जुलाब लागले, वागणं पालटलं, तर आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या आणि गेल्या दोन महिन्यांत ते काय जेवले हेही डॉक्टरांना सांगा. डॉक्टर विचारायला विसरले तरी सांगा. हेही लक्षात असू द्या की प्रत्येक उदासी नायसिनने जात नाही. बाळंतपणानंतरची उदासी, थायरॉइड, रक्त कमी असणं, घरातली मारहाण, कर्ज, यांचे उपाय वेगवेगळे आहेत. दुकानातून जीवनसत्त्वाची बाटली आणून सुनेच्या हातात दिली की झालं, असं नाही.

पुढच्या भागात आपण थायरॉइड आणि मिठातल्या आयोडीनचा इतिहास ऐकू. तोवर गटाच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, बहात्तरच्या दुष्काळात भाकरीबरोबर काय असायचं, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवायला कोण बसायचं. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून किंवा मोबाइलवर बोलून आम्हाला पाठवा, आम्ही ते ऐकवू.